वेणीपुरते केस

आमच्या टीममधला एक जण गेले सहा-सात महिने केस वाढवतोय. परवा जेवणाच्या टेबलावर त्याने जाहीर केलं की आता वेणी घालणार, आणि मग चर्चा सुरू झाली ती "वेणी घालायला केस नक्की किती लांब लागतात?" यावर. चार इंजिनीअर एकत्र बसले की कुठलाही प्रश्न पंधरा मिनिटांत एक्सेल शीटपर्यंत जातो, तसाच हाही गेला. शेवटी शाळेत दहा वर्षं रोज दोन घट्ट वेण्या घालून गेलेल्या एका सहकारिणीने निकाल दिला. तिपेडी वेणीचे दोन-तीन पेच पडायला कमीत कमी चार इंच, म्हणजे दहा सेंटिमीटर. त्याहून कमी असेल तर पेड हातातून निसटतात. जरा वेणी म्हणावी असं काही दिसायला सहा-सात इंच. आणि पाठीवर रुळणारी हवी असेल तर दोन फूट पकडा, कारण गुंफण्यात लांबी खर्च होते. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे चकोट डोक्यापासून सुरुवात केली तर पहिल्या पेचाला आठ महिने, आणि कंबरेपर्यंतच्या तीन फुटी वेणीला, मध्ये कात्री लागली नाही तर, सहा वर्षं.

चर्चा तिथेच संपली, कारण दोन वाजता मीटिंग होती. माझ्या डोक्यात मात्र ते सहा वर्षांचं गणित राहिलं. तुम्ही जॅकी चॅनचा 'शांघाय नून' पाहिला असेल. त्यात खलनायक जॅकीची वेणी कापून टाकतो. थिएटरात आपण हसून पुढे जातो, पण त्या एका कात्रीत पावणेतीनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात केस किती इंच आहेत यावर माणसं मेली आहेत. हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाहीये. तर मंडळी, आज जरा चीनला जाऊन येऊ.

चिनी माणूस म्हटला की जुन्या चित्रांत, कार्टूनमध्ये, अगदी आपल्या लहानपणीच्या कॉमिक्समध्येही पुढे तासलेलं कपाळ आणि मागे लांब वेणी असायचीच. त्यामुळे ही वेणी म्हणजे चीनची हजारो वर्षांची परंपरा असं आपण धरून चालतो. गंमत अशी, की ती चिनी नव्हेच. १६४४ पर्यंत बहुसंख्य हान चिनी पुरुष केस कापतच नसत. डोईभर वाढलेले केस माथ्यावर बांधून त्याचा बुचडा, त्यावर टोपी किंवा फडकं. शरीर, केस, त्वचा हे सगळं आईबापांनी दिलेलं, त्याला इजा करायची नाही, ही कन्फ्यूशियसच्या परंपरेतली पितृभक्तीची पहिली पायरी. मुलगा वयात आला की केस वर बांधून टोपी घालण्याचा संस्कार व्हायचा, साधारण आपल्या मुंजीसारखा (फक्त उलटा: आपल्याकडे मुंजीत केस जातात, त्यांच्याकडे ते बांधले जात). प्राचीन चीनमध्ये गुन्हेगाराला द्यायच्या शिक्षांमध्ये डोकं भादरणे ही एक शिक्षा होती. म्हणजे डोक्याला वस्तरा लागणं याचा अर्थ काय होता ते लक्षात घ्या.

वेणी आली ती ईशान्येकडून, मांचू लोकांबरोबर. कपाळ आणि बाजू तासायच्या, मागे केसांचा एक झुपका ठेवायचा, त्याची वेणी घालायची, ही त्यांची पद्धत. नुरहाचीने १६२१ साली लिआओतुंगचा मुलूख जिंकला तेव्हापासूनच तिथल्या हान लोकांना 'शरण आलात ना, मग डोकं तासा' असा हुकूम असे. त्यात व्यावहारिक सोय होती. हातात कागद नाही, ओळखपत्र नाही, कोण आपला आणि कोण शत्रूचा हे लांबून कळलं पाहिजे. डोकं बघितलं की कळतं. आमच्या भाषेत सांगायचं तर एक बिटचा फ्लॅग.

१६४४ च्या एप्रिलमध्ये ली झचंग नावाच्या बंडखोराने बीजिंग घेतलं, शेवटच्या मिंग सम्राटाने राजवाड्यामागच्या टेकडीवर गळफास घेतला, आणि सीमेवरच्या वू सानग्वेई या मिंग सेनापतीने मांचूंशी हातमिळवणी करून शानहाय खिंडीचा दरवाजा उघडला. जूनमध्ये मांचू फौज बीजिंगमध्ये होती. गादीवर सहा वर्षांचा पोर, कारभार त्याचा काका दोर्गोन याच्या हाती. दोर्गोनने आल्या आल्या केस तासण्याचा हुकूम काढला, लोकांमध्ये इतकी खळबळ उडाली की काही आठवड्यांतच तो मागे घेतला. शहाणा माणूस, असं वाटतं. पण पुढच्या वर्षी नानजिंग पडलं, दक्षिणेचा बराच भाग हातात आल्यासारखा दिसला, आणि जुलै १६४५ मध्ये हुकूम परत निघाला. या वेळी मुदत घालून: राजधानीत दहा दिवस, आणि प्रांतांत हुकूम पोचल्यापासून दहा दिवस. जो ऐकणार नाही त्याला देहांत. लोकांनी याचं जे सुटसुटीत रूपांतर केलं ते आजही चीनमध्ये शाळकरी पोरांना माहीत असतं: डोकं ठेवायचं तर केस ठेवू नका, केस ठेवाल तर डोकं राहणार नाही.

आता इथे आमच्या टेबलावरचं गणित लावून बघा. दहा दिवसांत वेणी कशी उगवेल? तर ती उगवायची गरजच नव्हती. मिंग काळातल्या प्रत्येक पुरुषाच्या डोक्यावर जन्मभर न कापलेले केस तयार होते. फक्त बुचडा सोडायचा, पुढचं आणि बाजूचं सगळं तासायचं, उरलेल्याची वेणी घालायची. अर्ध्या तासाचं काम. हुकूमाचा खरा भर वेणीवर नव्हताच, वस्तऱ्यावर होता. आणि आपल्या डोळ्यांसमोर जी जाडजूड, डोक्याच्या अर्ध्या भागातून निघालेली वेणी येते ती पुढच्या दोन शतकांत हळूहळू वाढत गेलेली. सुरुवातीची वेणी म्हणजे माथ्यामागे नाण्याएवढा गोल ठेवून त्यातून निघालेलं उंदराचं शेपूट. तिचं नावच तसं पडलं होतं. एखाद्या चिनी नाण्याच्या मधल्या चौकोनी भोकातून जाईल इतकी बारीक, असं तिचं वर्णन करत.

मांचू लाखांत मोजावे इतके, प्रजा दहा कोटींच्या वर. मग लोकांनी ऐकलं कसं? पुष्कळांनी निमूट ऐकलं. पण यांगत्सेच्या मुखाजवळच्या, श्रीमंत आणि शिकल्यासवरलेल्या पट्ट्यात नाही ऐकलं. यातलं जिआंगयिन हे गाव माझ्या डोक्यातून जात नाही. तिथल्या लोकांनी नव्या राज्यकर्त्यांना तसा विरोध केला नव्हता, नवा दंडाधिकारी येऊन कामालाही लागला होता. राजा बदलतो, कर कोणालातरी द्यायचाच, शेतकऱ्याला आणि व्यापाऱ्याला त्यात फारसं नवल नसतं. पण केसांचा हुकूम आल्यावर तेच गाव उठलं. डोकं उडवलंत तरी चालेल, केस कापणार नाही, ही त्यांची घोषणा. नेतृत्व यान यिंगयुआन नावाच्या एका निवृत्त, अगदी खालच्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याकडे आलं. कोणी सरदार नाही, राजपुत्र नाही. तटबंदीमागून या गावाने ८१ दिवस मांचू फौजेला झुंजवलं. ऑक्टोबर १६४५ मध्ये तट पडला आणि त्यानंतर कत्तल झाली. मेलेल्यांचे पारंपरिक आकडे लाखाच्या घरात जातात. ते फुगवलेले असतील, नव्हे आहेतच असं मला वाटतं, पण शून्य काढून टाकलं तरी ते भयंकरच राहतात. शेजारच्या जियादिंगमध्ये त्याच उन्हाळ्यात, त्याच कारणावरून, एकामागून एक तीन कत्तली झाल्या.

'शेंडी तुटो वा पारंबी तुटो' असं आपण सहज म्हणून जातो. जिआंगयिनच्या लोकांनी ते शब्दशः केलं.

ज्यांना मरायचं नव्हतं आणि वाकायचंही नव्हतं त्यांनी पळवाटा शोधल्या. हुकूमातून बौद्ध भिक्षू आणि ताओ पुजारी सुटले होते. भिक्षूचं डोकं मुळातच चकोट, तिथे वेणीचा प्रश्नच नाही! त्यामुळे मिंग राजवटीशी इमान असलेले कितीतरी विद्वान आणि चित्रकार अचानक संन्यासी झाले. बादा शानरन हा पुढे मोठा गाजलेला चित्रकार मिंग राजघराण्यातला, त्याने १६४८ मध्ये दीक्षा घेतली. अर्धं डोकं तासण्यापेक्षा पूर्ण तासलेलं बरं, हा तर्क मला फार आवडतो. नियमाचं पालन तर झालं, पण नियम करणाऱ्याला हवं होतं ते मिळालं नाही. आमच्याकडे असे लोक टेस्टिंगमध्ये सापडतात.

स्वतः कन्फ्यूशियसच्या वंशातल्या एका अधिकाऱ्याने अर्ज केला होता की निदान आमच्या घराण्याला तरी पूर्वजांच्या पद्धतीने केस ठेवू द्या. दोर्गोनचं उत्तर असं की खरं तर या अर्जाबद्दल तुझं डोकंच उडवायला हवं, पण कन्फ्यूशियसचा वंशज म्हणून सोडतो. नोकरी मात्र गेली. स्त्रियांना हुकूम लागू नव्हता. आणि मेलेल्यांनाही नव्हता, अशी लोकसमजूत होती: जिवंतपणी मांचू वेश, मेल्यावर मिंग वेश.

ही झाली सुरुवात. पण माझ्या मते या गोष्टीचा खरा रंजक भाग पुढे आहे, आणि त्यावर फारसं कोणी बोलत नाही. सक्तीची सवय व्हायला किती काळ लागतो?

१६४५ मध्ये ज्याने रडत रडत कपाळ पुढे केलं त्याच्या मुलाला आठवतं की बापाला बुचडा होता. नातवाला हे फक्त ऐकून माहीत. पणतूला वेणी म्हणजे पुरुष, एवढंच माहीत. दर आठ-दहा दिवसांनी न्हाव्याकडे जाऊन कपाळ तासून घ्यायचं, वेणी उकलून विंचरून परत घालायची. श्रीमंत लोक वेणीत रेशमी गोफ गुंफून ती टाचेपर्यंत न्यायचे, खाली गोंडा. घरात कोणी गेलं की काळ्या गोफाऐवजी पांढरा. ज्याचे केस विरळ तो गंगावन लावायचा. कामाच्या वेळी वेणी डोक्याभोवती गुंडाळायची, मोठ्या माणसासमोर मात्र ती सोडून उभं राहायचं, नाहीतर उद्धटपणा. म्हणजे एकेकाळच्या गुलामीच्या खुणेभोवती शिष्टाचार, फॅशन, सुतक, सगळं हळूहळू उगवलं.

१७६८ साली तर कमालच झाली. जजिआंग प्रांतातल्या दचिंग गावापासून अफवा उठली की कोणीतरी मांत्रिक लोकांच्या वेण्यांची टोकं कापतात आणि त्यावर मंत्र घालून आत्मे चोरतात. मुलांना, मजुरांना, प्रवाशांना भीतीने घाम फुटला. भटके भिक्षू आणि भिकारी धरून लोकांनी ठेचले. सम्राट चिएनलुंगला वेगळीच भीती: वेणी कापणं म्हणजे मांचूंविरुद्ध बंडच की! त्याने प्रांताप्रांतांतल्या अधिकाऱ्यांना धारेवर धरलं, अधिकाऱ्यांनी संशयितांना हाडं मोडेपर्यंत छळलं, कबुलीजबाब आले, आणि राजधानीत नेऊन तपासल्यावर एकही टिकला नाही. वर्ष संपता संपता सगळा तपास गुंडाळला गेला. फिलिप कून या इतिहासकाराने यावर १९९० मध्ये 'सोलस्टीलर्स' नावाचं पुस्तक लिहिलंय, एखाद्या रहस्यकथेसारखं वाचता येतं. त्यातून माझ्या लक्षात राहिलेली गोष्ट अशी: राजाला वेणीत राज्यनिष्ठा दिसत होती आणि प्रजेला त्याच वेणीत स्वतःचा आत्मा. सव्वाशे वर्षांत एवढा पल्ला.

मग ताइपिंग आले. १८५१ ते १८६४, स्वतःला येशूचा धाकटा भाऊ म्हणवणाऱ्या हुंग श्यूचुआनचं बंड, मानवी इतिहासातल्या सर्वांत रक्तरंजित यादवींपैकी एक, मेलेल्यांचे अंदाज कोटींत. या लोकांनी कपाळ तासणं बंद केलं आणि पुढचे केस वाढू दिले. सरकारी बाजूने त्यांना नावच 'लांबकेशे' असं पडलं. इथे केसांची वाढ शब्दशः टाइमस्टँप झाली. कपाळावर अर्धा इंच केस म्हणजे माणूस महिनाभरापूर्वी सामील झालेला, बहुतेक धरून आणलेला, कदाचित सोडण्यालायक. खांद्यापर्यंत केस म्हणजे जुना मुरलेला बंडखोर, त्याला माफी नाही. आणि मधल्या गावांतल्या साध्या माणसाची अवस्था बघा. आज गाव ताइपिंगांकडे, कपाळ तासलेलं दिसलं तर सैतानाचा हस्तक म्हणून मरण. उद्या सरकारी फौज परत आली, कपाळावर केस दिसले तर बंडखोर म्हणून मरण. वस्तरा दोन मिनिटांत फिरतो, पण उलट दिशेला जायचं तर महिन्याला एक सेंटिमीटर. या कामाला अनडू नाही.

आता जरा समुद्र ओलांडू. सोन्यासाठी आणि रेल्वेच्या कामासाठी हजारो चिनी पुरुष कॅलिफोर्नियात गेले होते, वेण्यांसकट. सॅन फ्रान्सिस्कोत त्यांच्याविरुद्ध जे कायदे झाले ते वाचताना कायदा हा प्रकार किती निर्मळ चेहऱ्याने डूख धरू शकतो ते कळतं. एक नियम असा की राहत्या खोलीत माणशी ५०० घनफूट हवा पाहिजे. ऐकायला किती आरोग्यदायी! प्रत्यक्षात तो दाटीवाटीने राहणाऱ्या चिन्यांवरच बजावला जायचा. चिनी मंडळींनी दंड न भरता तुरुंगात जायला सुरुवात केली, तुरुंग भरले. मग १८७६ मध्ये दुसरा नियम: तुरुंगात आलेल्या प्रत्येक पुरुष कैद्याचे केस डोक्यापासून एक इंचावर कापायचे. शब्द बघा, 'प्रत्येक'. चिनी हा शब्द कुठेही नाही. पण एक इंचात वेणी बसत नाही हे लिहिणाऱ्यालाही माहीत होतं आणि वाचणाऱ्यालाही. गावात त्याला सरळ 'वेणीचा कायदा' म्हणत. हाच प्रस्ताव १८७३ मध्ये आला होता तेव्हा महापौराने तो अडवला होता.

१८७८ मध्ये हो आह काउ नावाच्या माणसाला हवेच्या नियमाखाली १० डॉलर दंड किंवा पाच दिवस कैद झाली. त्याने कैद निवडली. शेरीफ मॅथ्यू नुनन याने त्याची वेणी कापली. गोऱ्या कैद्याच्या बाबतीत हे दोन महिन्यांत भरून निघालं असतं. हो आह काउच्या पाच दिवसांच्या शिक्षेला सहा वर्षांचं शेपूट लागलं. (कोटी मुद्दाम केलेली नाही, पण आता राहू दे.) त्याने शेरीफवर १०,००० डॉलरचा दावा लावला. १८७९ मध्ये न्यायमूर्ती स्टीफन फील्ड यांनी निकाल दिला की हा नियम घटनाबाह्य आहे. न्यायाधीश म्हणून आम्ही खुर्चीवर बसतो तेव्हा माणूस म्हणून जे सगळ्यांना दिसतं तिकडे डोळे मिटून घ्यावेत अशी अपेक्षा करू नका, असा त्या निकालाचा सूर. त्यांनी उदाहरणही दिलं: ज्यू कैद्यांना डुकराचं मांसच खायला मिळेल असा 'सर्वांना समान' नियम केला तर तो समान म्हणायचा का? आणि अमेरिकन घटनेची चौदावी दुरुस्ती 'व्यक्ती' म्हणते, 'नागरिक' नव्हे, त्यामुळे परक्या चिन्यालाही समान संरक्षण आहे. हा निकाल आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांना माहीत असतो. याच फील्डसाहेबांनी दहा वर्षांनी, १८८९ मध्ये, सुप्रीम कोर्टात चिनी लोकांना देशात येण्यापासून रोखणारा कायदा वैध ठरवणारा निकालही लिहिला. माणसं एका रंगाची नसतात. असो.

मला मात्र त्या खटल्यातली दुसरी एक गोष्ट जास्त चटका लावते. हो आह काउच्या बाजूने कोर्टात मांडणी अशी होती की वेणी ही त्याच्या देशाची आणि धर्माची रीत आहे, ती गेली की माणसाची बेअब्रू होते आणि परलोकातही त्रास होतो. म्हणजे २३४ वर्षांपूर्वी जी वेणी नको म्हणून गावंच्या गावं कापून घेतली, तीच आता नेली म्हणून माणूस कोर्टात उभा. तो खोटं बोलत होता का? अजिबात नाही. त्याच्यासाठी ते पूर्ण खरं होतं.

आपल्याकडेही केसांच्या सक्तीचा इतिहास आहे, तो उलट्या दिशेचा. विधवांच्या केशवपनात रीत म्हणून वस्तरा चालवला जायचा, आणि १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नाने मुंबईतल्या न्हाव्यांनी हे काम आम्ही करणार नाही असं ठरवलं होतं. ज्याच्या हातात वस्तरा आहे त्यानेच तो खाली ठेवावा, हे चीनच्या या सगळ्या कहाणीत मला कुठेही सापडलं नाही. तिथे दंतकथा आहे ती अशी, की फिरत्या न्हाव्याच्या कावडीला जो उभा दांडा असतो तो मुळात नकार देणाऱ्याचं मुंडकं टांगायला होता.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वेणीचा अर्थ परत फिरला. परदेशी शिकायला गेलेल्या पोरांना रस्त्यात लोक डुकराचं शेपूट म्हणून चिडवायचे. क्रांतिकारकांना तीत मांचूंचा दोर दिसायला लागला. सुन यात-सेनने १८९५ मध्ये उठाव फसल्यावर जपानमध्ये वेणी कापली. लू श्युन, पुढे आधुनिक चिनी साहित्याचा जनक म्हटला गेलेला, १९०२ मध्ये शिकायला जपानला गेला, १९०३ मध्ये वेणी कापून फोटो काढून घेतला. १९०९ मध्ये परत यायची वेळ आली तेव्हा पंचाईत. सहा वर्षं वाढवली असती तर झाली असती, पण कापलेलीच ठेवली होती! तेव्हा शांघायमध्ये अशा परतलेल्या विद्यार्थ्यांसाठी खास खोट्या वेण्या विकणारे होते. त्याने एक घेतली, महिनाभर वापरली, मग रस्त्यात पडली किंवा कोणी ओढली तर जास्तच शोभा होईल म्हणून काढून टाकली. त्यानंतर गावातून चालताना लोक बघत राहायचे, शिव्या द्यायचे. ज्या विद्यार्थ्यांना वेणी कापायची होती त्यांना त्याने कापू नका असा सल्ला दिला. क्रांतिकारक म्हणून त्याच्यावर नाराज झाले असतील, पण मला तो सल्ला समजतो. कापून झाल्यावर काय भोगावं लागतं हे त्या खोलीत त्याला एकट्यालाच माहीत होतं.

१० ऑक्टोबर १९११ ला वूचांगला उठाव झाला आणि दोन महिन्यांत निम्मा देश हातातून गेला. डिसेंबरमध्ये खुद्द छिंग दरबाराने फर्मान काढलं की ज्याला केस कापायचे त्याने खुशाल कापावेत. २६६ वर्षांनी! आता कोणाला विचारायचं होतं? मार्च १९१२ मध्ये सुन यात-सेनच्या प्रजासत्ताक सरकारचा हुकूम निघाला: हुकूम पोचल्यापासून वीस दिवसांच्या आत वेणी कापा. दोर्गोनने दहा दिले होते, यांनी वीस दिले. शहरांच्या वेशींवर सैनिक कात्र्या घेऊन उभे राहिले. भाजी विकायला आलेला शेतकरी आत शिरताना वेणीसकट आणि बाहेर पडताना वेणीविना. कोणी रडले, कोणी पाया पडले, कोणी कापलेली वेणी उचलून कागदात गुंडाळून घरी नेली, मेल्यावर शवपेटीत बरोबर ठेवायला. मुक्ती देणाऱ्यांच्या हातातली कात्री आणि जिंकणाऱ्यांच्या हातातला वस्तरा यांत फरक आहे हे मला मान्य आहे. देहांताची शिक्षा नव्हती, हा काही लहान फरक नव्हे. पण त्या भाजीवाल्याच्या मानेवर जो हात पडला तो त्याला वेगळा वाटला असेल का, याबद्दल मला शंका आहे.

जुलै १९१७ मध्ये चांग श्युन नावाच्या सेनापतीने, ज्याने स्वतःची आणि सैनिकांचीही वेणी राखली होती आणि म्हणून ज्याला 'वेणीवाला सेनापती' म्हणत, बीजिंग घेऊन अकरा वर्षांच्या पुयीला परत गादीवर बसवलं. एका रात्रीत खोट्या वेण्यांची मागणी वाढली. केस कुठून आणणार, तर नाटकाचे कपडे विकणाऱ्यांनी घोड्याच्या शेपटीच्या वेण्या करून विकल्या. राज्य बारा दिवस टिकलं. बारा दिवसांत केस वाढतात चार मिलिमीटर.

या बारा दिवसांवर लू श्युनची एक कथा आहे, १९२० ची, इंग्रजीत 'स्टॉर्म इन अ टीकप' नावाने मिळते. एका खेड्यातला नावाडी, ज्याची वेणी शहरात गेला असताना कापली गेली होती. बातमी येते की सम्राट परत बसला. बायको आकांत करते, आता तुझं कसं होणार. शेजारच्या गावातला एक दारूवाला जाणता माणूस, जो एरवी वेणी माथ्यावर गुंडाळून असायचा, आज मुद्दाम पुढचं डोकं तासून, वेणी पाठीवर सोडून भेटायला येतो आणि गोड आवाजात विचारतो, अरे, तुझी वेणी कुठाय? काही दिवसांनी बायकोला तोच माणूस परत दिसतो, वेणी माथ्यावर गुंडाळलेली. ती लगेच ओळखते: सम्राट बसला नाही. वर्तमानपत्राची गरजच नाही. राजकारणातली हवा एका माणसाच्या डोक्यावरून वाचता येते. नावाड्याकडे मात्र ती सोय नव्हती.

पुयी निषिद्ध नगरीत तसाच राहत होता. स्कॉटिश शिक्षक रेजिनाल्ड जॉन्स्टन वेणीची थट्टा करायचा. १९२२ मध्ये त्याने वेणी कापली. त्याने आत्मचरित्रात लिहिलंय की पाठोपाठ काही दिवसांत राजवाड्यातल्या हजारभर वेण्या गेल्या, उरले ते त्याचे जुने चिनी शिक्षक आणि मोजके अधिकारी.

आणि कापलेल्या त्या कोट्यवधी वेण्यांचं काय झालं? शवपेटीत गेल्या त्या गेल्या. बऱ्याचशा व्यापाऱ्यांनी उचलल्या. चिनी केसांचा निर्यातीचा धंदा आधीपासून होताच, तो फुगला. चीफू बंदरात, म्हणजे आजच्या यानताईत, बायका-मुली केसांच्या जाळ्या विणायच्या आणि त्या युरोप-अमेरिकेतल्या स्त्रिया आपले अंबाडे सांभाळायला वापरायच्या. जाड, लांब केसांचं कापडही विणलं जायचं, दाबाखाली फाटत नाही असं चिवट. अमेरिकेतल्या सरकीच्या तेलाच्या गिरण्यांमध्ये पेंड दाबायला ते वापरत.